आठाचा आकडा

दोंडाईच्यात मिरचीचा हंगाम भरात असताना
कुणी युद्धावर व्याख्यान ठेवू नये.
वक्ते धुळ्याचे, निवृत्त प्राध्यापक.
पहिल्याच वाक्याला त्यांना ठसका लागला
आणि माझ्या कर्ण्यांतून तो थेट स्टेशन रोडपर्यंत गेला.

मी माइकवाला. खुर्च्याही माझ्याच, साठ.
भरल्या एकवीस.
पुढच्या तिघींवर नावांचे कागद चिकटवलेले:
हवालदार मोतीसिंग गिरासे. नाईक दगडू मालचे.
तिसरे सुभेदार भामरे,
ते परवा रात्री गेले, विखरणला,
समितीत कुणालाच कागद काढायचं सुचलं नव्हतं.
पंखा फिरला की कागद उचलायचा, पुन्हा बसायचा.

मालचेबाबा तोफखान्यातले, दोन्ही कान तिकडेच ठेवून आलेले.
ते खुर्ची सोडून माझ्या बॉक्सजवळ येऊन बसले
आणि जाळीवर तळहात ठेवला,
गाभण म्हशीच्या पोटावर ठेवतात तसा.
मी आवाज थोडा वाढवला.

पडद्यावर एकाहत्तर.
लाल बाण, निळे बाण, नदीची बारीक रेघ,
एक टेकडी, तिला नावाऐवजी आकडा.
प्राध्यापक चांगलं बोलत होते, खोटं नाही सांगत.
मग म्हणाले,
"आपली हानी मात्र किरकोळ."

आमच्या गावात किरकोळ म्हणजे
पाव किलोची पुडी. घाऊक म्हणजे ट्रक.
गिरासेबाबा काठी न घेता उभे राहिले.
"किरकोळ म्हंजे कितला, भाऊ?"

प्राध्यापकांनी कागद चाळले. खरंच चाळले.
"अकरा."
"अकरा नही. बारा.
एक खच्चरवाला व्हता. तो मोजामा नही उना."

मी माइक घेऊन धावलो, वायर खुर्च्यांत अडकली.
त्यांनी तो हातात घेतला
आणि अंगठ्याने दाबून धरला,
जिथे कसलंच बटण नाही तिथे.
त्याचं नाव सांगितलं. एकदाच. डोंगराकडचं नाव,
मला धड ऐकूही आलं नाही,
कर्ण्यांनी मात्र ते गावाला सांगितलं.
मग म्हणाले, "ओव्हर",
अंगठा उचलला,
आणि थांबले.

सभागृहाला वाटलं बाबा विसरले.
कुणीतरी टाळी सुरू केली, एकट्यानेच, आणि आवरली.
मला तेवढं कळलं:
हा माणूस पलीकडच्या उत्तराची वाट बघतोय.
बॉक्समध्ये नुसती घूं होती.
मालचेबाबांचा हात अजून जाळीवर,
ते मान डोलवत होते, ऐकू येतंय म्हणून.

नंतर चहा, शाल, नारळ, फोटो.
फोटोत मधली जागा सोडली होती की सुटली होती, माहीत नाही.
मी वायर गुंडाळत होतो, कोपरावर, रोजच्यासारखी.
गिरासेबाबांनी ती काढून घेतली.
"आशी नही रे भो. पीळ पडस.
आठना आकडा कर."
अंगठा, करंगळी, अंगठा, करंगळी.
सत्तर फूट वायर त्या थरथरत्या हातांवर
न थरथरता बसत गेली.
"इतलीच?" म्हणाले. "आम्ही मैल मैल टाकेल से. राती."
"आणि परत गुंडाळायची?"
"गुंडायनारा ऱ्हायना तं."

शिरपूरची शेवटची एसटी होती.
छातीवरची तीन पदकं काढून
त्यांनी चष्म्याच्या डबीत ठेवली, चष्मा खिशात,
आणि मिरचीच्या पोत्यांमधून वाट काढत गेले,
एकदा शिंकले, मोठ्यानं.

रात्री बिल केलं.
बॉक्स दोन, माइक एक, खुर्च्या साठ.
खुर्च्या खोडल्या, एकोणसाठ लिहिल्या.
तिसरीचा कागद निघतच नव्हता,
नखानं खरवडला तर "सुभे" तेवढं राहिलं.
उद्या तीच खुर्ची साखरपुड्याला जाईल.